दीर्घकालीन मूत्रपिंड विकार आणि कंदमुळांचा आहार

दीर्घकालीन मूत्रपिंड विकार असलेल्या व्यक्तींच्या आहारात बटाटा, रताळे, सुरण, अळकुडी, कोनफळ, गाजर, बीट, मुळा इत्यादी कंदमुळांचे स्थान हा आहारशास्त्रातील व्यावहारिक प्रश्न आहे. बहुतेक कंदमुळांत पोटॅशियमचे प्रमाण मध्यम ते जास्त असते. कार्यक्षमता घटलेले मूत्रपिंड पोटॅशियम पुरेशा प्रमाणात बाहेर टाकू शकत नसल्यामुळे ते रक्तात साचून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका संभवतो. तथापि या विकारात कंदमुळे सरसकट वर्ज्य नाहीत. रक्तातील पोटॅशियमची पातळी, विकाराची अवस्था, चालू औषधे, खाण्याचे प्रमाण आणि शिजविण्याची पद्धत यांवर त्यांची सुरक्षितता अवलंबून असते. कंद सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास त्यातील पोटॅशियमचा मोठा भाग निघून जातो.

## संज्ञा व व्याप्ती

स्वयंपाकघरात ‘कंदमुळे’ या एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या भाज्या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकसारख्या नाहीत. गाजर, मुळा, बीट आणि रताळे ही अन्न साठविणारी मुळे आहेत, तर बटाटा, सुरण व अळकुडी ही जमिनीखालील खोडाची रूपांतरे आहेत. कोनफळ व कणगर हे वेलीच्या बुंध्याशी जमिनीत वाढणारे कंद आहेत. करांदे वेलीवर पानांच्या बेचक्यात लागतात, मात्र आहारात त्यांची गणना कंदांतच होते. कांदा व लसूण यांनाही काही वेळा या गटात धरले जाते.

मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता तीन महिन्यांहून अधिक काळ घटलेली असल्यास, किंवा लघवीतून प्रथिने जाण्यासारखी इजेची लक्षणे तेवढा काळ टिकून राहिल्यास, त्या स्थितीस दीर्घकालीन मूत्रपिंड विकार म्हणतात. गाळण्याच्या अंदाजित वेगानुसार त्याच्या पाच अवस्था मानल्या जातात. हा वेग मिनिटाला १५ मिलिलिटरपेक्षा कमी झाल्यास ती पाचवी अवस्था, म्हणजेच मूत्रपिंड निकामी होण्याची अवस्था होय. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही या विकाराची प्रमुख कारणे आहेत.

## पोटॅशियमचे महत्त्व

पोटॅशियम हे स्नायू, मज्जातंतू व हृदय यांच्या कार्यासाठी आवश्यक खनिज आहे. निरोगी व्यक्तीच्या शरीरातील जादा पोटॅशियमपैकी सुमारे ९० टक्के भाग लघवीवाटे व उरलेला मुख्यतः मलावाटे बाहेर पडतो. रक्तातील त्याची सामान्य पातळी साधारणपणे लिटरमागे ३.५ ते ५.० मिलिमोल असते. ती यापेक्षा वाढण्यास हायपरकॅलेमिया म्हणतात. ६.५ मिलिमोलच्या पुढील पातळी जीवघेणी ठरू शकते.

ही वाढ बहुधा कोणत्याही लक्षणाविना होते, हे या स्थितीचे धोकादायक वैशिष्ट्य होय. काहींना स्नायूंत अशक्तपणा, पायांत जडपणा, मुंग्या किंवा छातीत धडधड जाणवते. परंतु अनेकांत रक्त तपासणी किंवा हृदयालेख यांतूनच ती उघडकीस येते. त्यामुळे ‘खाऊन काही त्रास झाला नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णास एकाएकी तीव्र अशक्तपणा आल्यास किंवा हृदयाचे ठोके अनियमित झाल्यास ती तातडीची वैद्यकीय स्थिती समजली जाते.

आहार हे पोटॅशियम वाढण्याचे एकमेव कारण नसते. रक्तदाबासाठी व मूत्रपिंडाच्या संरक्षणासाठी दिली जाणारी रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे, स्पायरोनोलॅक्टोन हे मूत्रल औषध, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, अनियंत्रित मधुमेह, रक्तातील आम्लता आणि बद्धकोष्ठता यांमुळेही पातळी वाढते. मूत्रपिंड दुबळे झाल्यावर आतड्यावाटे जाणाऱ्या पोटॅशियमचा वाटा वाढतो, म्हणून शौचास नियमित होण्याला महत्त्व येते. औषधे परस्पर बंद करणे मात्र हानिकारक ठरू शकते.

## कंदमुळांतील पोटॅशियम

पुढील तक्त्यात अमेरिकी कृषी विभागाच्या अन्नघटक सारणीवर आधारित अंदाजे आकडे दिले आहेत. ते दर १०० ग्रॅम खाद्य भागातील मिलिग्रॅममध्ये आहेत. जात, जमीन व हंगाम यांनुसार त्यांत फरक पडतो. भारतीय पदार्थांसाठी हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये स्वतंत्र अन्नघटक सारणी प्रसिद्ध केली असून तिच्यात कंदमुळांचा वेगळा गट आहे.

| भाजी | कच्ची | साधी उकडून, पाणी काढून |
|---|---|---|
| कोनफळ व त्या वर्गातील कंद | ८२० | ६७० |
| अळकुडी | ५९० | ४८० |
| बटाटा | ४३० | ३३० |
| रताळे | ३४० | २३० |
| बीट | ३३० | ३१० |
| गाजर | ३२० | २४० |
| पांढरा मुळा | २३० | – |
| सलगम | १९० | १८० |
| कांदा | १५० | – |

तक्त्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. कोनफळ व अळकुडी यांतील प्रमाण बटाट्याहूनही अधिक आहे. त्यामुळे बटाटा सोडून त्याच्या जागी हे कंद खाल्ल्याने पोटॅशियम कमी न होता वाढते. दुसरे असे की, मोठ्या फोडी साध्या पद्धतीने उकडल्यास घट मर्यादितच होते.

प्रत्यक्षात खाल्लेले प्रमाण हा निर्णायक घटक असतो. पोह्यांत घातलेला अर्धा कांदा किंवा कोशिंबिरीतील चार काप गाजर आणि वाटीभर अळकुड्यांची भाजी यांची तुलना होऊ शकत नाही. कमी पोटॅशियमची भाजीदेखील दोन-तीन वाट्या खाल्ल्यास जास्त पोटॅशियमच्या भाजीइतकीच ठरते.

## पोटॅशियम कमी करण्याच्या पद्धती

पोटॅशियम पाण्यात विरघळते, परंतु ते वनस्पतीच्या पेशींत बंदिस्त असते. ते बाहेर पडण्यासाठी पेशीभित्तिका उष्णतेने सैल व्हावी लागते आणि भाजीचा जास्तीत जास्त पृष्ठभाग पाण्याच्या संपर्कात यावा लागतो. चिरलेला बटाटा रात्रभर थंड पाण्यात भिजत ठेवावा, हा सल्ला अनेक वर्षे दिला जात असे. मात्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात केवळ भिजविण्याने बटाट्यातील पोटॅशियममध्ये लक्षणीय घट आढळली नाही. त्याच अभ्यासात चौकोनी फोडी उकळल्यावर सुमारे ५० टक्के, तर किसून उकळल्यावर सुमारे ७५ टक्के पोटॅशियम कमी झाले.

सर्वसाधारणपणे सुचविली जाणारी दुहेरी उकळीची पद्धत पुढीलप्रमाणे आहे:

१. कंद स्वच्छ धुऊन साल जाडसर काढावी.
२. पातळ काप किंवा लहान फोडी कराव्यात. शक्य तेथे किसून घ्यावे.
३. फोडी पूर्ण बुडून वर बरेच पाणी राहील एवढ्या पाण्यात घालून उकळी आणावी आणि ते पाणी टाकून द्यावे.
४. पुन्हा ताजे पाणी भरपूर घेऊन फोडी मऊ होईपर्यंत उकळाव्यात.
५. दुसरे पाणीही पूर्ण निथळून टाकावे व त्यानंतरच फोडणी, मसाला किंवा वाटण घालावे.

उकळलेले पाणी आमटी, रस्सा, सूप किंवा कणीक मळण्यासाठी वापरल्यास निघालेले पोटॅशियम पुन्हा पोटात जाते. प्रेशर कुकरमध्ये भांड्यात पाणी न घालता वाफेवर शिजविलेले बटाटे, निखाऱ्यावर किंवा राखेत भाजलेली रताळी, सालासकट उकडलेले कंद आणि थेट तळलेले काप यांत पोटॅशियम जवळजवळ तसेच राहते. भाजताना व तळताना पाण्याचा अंश उडून गेल्यामुळे वजनाच्या तुलनेत त्याचे प्रमाण वाढते. आधी उकळून, निथळून नंतर परतलेले किंवा तळलेले काप त्या मानाने सुरक्षित असतात. कुकर वापरायचा झाल्यास फोडी भरपूर पाण्यात बुडवून शिजवाव्यात व ते पाणी टाकावे.

या पद्धतीने ‘क’ जीवनसत्त्व, फोलेट व अन्य उपयुक्त खनिजेही काही अंशी वाया जातात. म्हणून ज्यांच्या रक्तातील पोटॅशियम सामान्य आहे आणि ज्यांना आहारतज्ज्ञाने बंधन घातलेले नाही, त्यांनी सर्व भाज्या अशा प्रकारे शिजविण्याची गरज नसते.

## ऑक्झलेट

सुरण, अळकुडी, बीट व रताळे यांत ऑक्झलेट हा घटक आढळतो. सुरण किंवा अळकुडी नीट न शिजल्यास घशाला खाज सुटते, त्यामागे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक हे कारण असते. पाण्यात विरघळणारे ऑक्झलेट आतड्यातून शोषले जाऊन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. त्यामुळे कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे झालेल्या रुग्णांना, तसेच मूत्रपिंडाची क्षमता बरीच घटलेल्यांना हे कंद मोजकेच खाण्याचा सल्ला दिला जातो.

भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकल्याने विरघळणाऱ्या ऑक्झलेटचे प्रमाणही घटते. दूध किंवा दही यांसारख्या कॅल्शियमयुक्त पदार्थांबरोबर खाल्ल्यास ऑक्झलेट आतड्यातच कॅल्शियमशी बांधले जाऊन कमी शोषले जाते. मात्र दुग्धजन्य पदार्थांत पोटॅशियम व फॉस्फरसही असल्याने त्यांचे प्रमाण रुग्णागणिक ठरवावे लागते. सुरणाला चिंच किंवा आमसूल लावण्याची घरगुती पद्धत खाज टाळण्यासाठी आहे. तिच्यामुळे पोटॅशियम कमी होत नाही.

## वसई परिसर व उत्तर कोकण

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील गास, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, आगाशी ही किनारपट्टीलगतची गावे विहिरीच्या पाण्यावरील बागायतीसाठी परिचित आहेत. केळी, नागवेलीची पाने, फुले व भाजीपाला ही येथील वाड्यांची परंपरागत पिके असून शहरीकरण वाढल्यानंतरही घराभोवतीच्या जागेत अळू, सुरण यांसारखी लागवड आढळते. त्यामुळे या भागातील आहारात कंदांना सहज स्थान मिळते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी नेमके काय शिजवावे हा प्रश्न घरोघरी उद्भवतो.

उत्तर कोकणातील उकडहंडी हा पदार्थ या दृष्टीने उल्लेखनीय आहे. कोनफळ, करांदे, रताळी, बटाटे, राजेळी केळी व वालाच्या शेंगा मसाला लावून मडक्यात, अत्यल्प पाण्यात, तोंड बंद करून मंद आचेवर शिजविल्या जातात. पाणी बाहेर काढले जात नसल्याने सर्व घटकांतील पोटॅशियम पदार्थातच राहते, शिवाय त्यात जास्त पोटॅशियमचे अनेक घटक एकत्र येतात. बंधन असलेल्या व्यक्तीसाठी कंद स्वतंत्रपणे दोनदा उकळून, निथळून, वेगळ्या भांड्यात तोच मसाला लावून वाफ देणे आणि कोनफळ व केळे यांचे प्रमाण कमी ठेवणे हा पर्याय राहतो. आगाशी परिसरातील प्रसिद्ध सुकेळी, म्हणजे सुकविलेली केळी, यांतही पाणी निघून गेल्याने पोटॅशियम एकवटलेले असते. ती कंदांच्या जेवणासोबत घेऊ नयेत.

पालघर जिल्ह्यातील आदिवासी समाजांत रानातील कडू कंदांचे पातळ काप करून ते उकळण्याची आणि वाहत्या पाण्यात ठेवण्याची रीत आहे. तिचा हेतू कडवटपणा व विषारी अंश काढणे हा असला, तरी काप पातळ करणे, उष्णता देणे आणि पाणी बदलत राहणे ही तिची तत्त्वे आहारतज्ज्ञांच्या दुहेरी उकळीशी जुळतात. रानातील अनोळखी कंद मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांनी टाळावेत.

## उपवासाचे पदार्थ

महाराष्ट्रात आषाढी एकादशी, नवरात्र, महाशिवरात्र यांसारख्या दिवशी धान्याऐवजी कंदमुळांवर भर दिला जातो. एरवी दोन-चार फोडींपुरता असलेला बटाटा त्या दिवशी मुख्य अन्न बनतो. उदाहरणार्थ, २०० ग्रॅम उकडलेल्या रताळ्यांतून सुमारे ४६० मिलिग्रॅम, १५० ग्रॅम उकडलेल्या बटाट्याच्या भाजीतून ४९०, ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून ३५० आणि दोन मध्यम केळ्यांतून ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते. ही बेरीज २,००० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचते. पोटॅशियमवर बंधन असलेल्या रुग्णास पूर्ण दिवसासाठी साधारण २,००० ते ३,००० मिलिग्रॅमची मर्यादा घातली जाते, हे लक्षात घेतल्यास उपवासाचा दिवस जेवणाच्या दिवसापेक्षा जड ठरू शकतो. खजूर, राजगिरा व नारळपाणी यांनी ही बेरीज आणखी वाढते.

साबुदाणा हा कसाव्याच्या कंदातील स्टार्चपासून बनतो व त्यात पोटॅशियम अत्यल्प असते. परंतु साबुदाण्याच्या खिचडीतील बटाटा व दाण्याचे कूट यांमुळे हा लाभ कमी होतो. मधुमेही रुग्णांच्या बाबतीत साबुदाण्याने रक्तातील साखर झपाट्याने वाढते. उपवासासाठी वापरले जाणारे सैंधव हे मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने मिठाचे बंधन त्यालाही लागू होते. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिठांत सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये अशा मिठाविषयी दिलेल्या शिफारशीतून मूत्रपिंडाची क्षमता घटलेल्या व्यक्तींना वगळले आहे.

## रस आणि गैरसमज

बीट व गाजर यांचा रस ‘रक्त वाढविणारा’ मानला जातो. दीर्घकालीन मूत्रपिंड विकारात रक्तक्षय सामान्यतः आढळतो, त्यामुळे रुग्णास असा रस देण्याकडे कुटुंबीयांचा कल असतो. या विकारातील रक्तक्षयाचे एक प्रमुख कारण म्हणजे मूत्रपिंडात तयार होणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाची कमतरता. तो दोष बिटाने दूर होत नाही. त्यासाठी तपासणीनुसार लोह किंवा एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने दिली जातात. एका पेल्यासाठी अनेक गाजरे व बिटे लागत असल्याने त्यांतील पोटॅशियम व ऑक्झलेट एकाच वेळी शरीरात जातात, तर तंतुमय भाग वाया जातो. बीट खाल्ल्यानंतर काहींची लघवी लालसर होते. ते रक्त नसले, तरी रंग टिकून राहिल्यास तपासणी आवश्यक असते.

मुळ्याचा रस घेतल्याने मूत्रपिंड ‘साफ’ होते, हा समजही प्रचलित आहे. क्षमता गमावलेले मूत्रपिंड अशा रसाने पूर्ववत होत नाही. मुळ्याचे काप कोशिंबिरीत अल्प प्रमाणात खाणे आणि औषध म्हणून रोज रस घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

याउलट, सर्व भाज्या बंद करून केवळ भात-डाळ किंवा बिस्किटांवर राहणे हीसुद्धा चूक ठरते. भाज्यांतील तंतुमय घटक बद्धकोष्ठता टाळतात व वनस्पतिजन्य अन्न रक्तातील आम्लता कमी करण्यास मदत करते. कंदमुळांत फॉस्फरस तुलनेने कमी असतो. वेफर्स, गोठविलेले बटाट्याचे तयार पदार्थ आणि पाकीटबंद सूप यांत मात्र मीठ व काही वेळा फॉस्फेट किंवा पोटॅशियमयुक्त पूरके असतात आणि ती नैसर्गिक घटकांपेक्षा सहज शोषली जातात.

## अवस्थेनुसार फरक

* प्रारंभिक अवस्था: पोटॅशियम सामान्य असल्यास कंदमुळांवर सहसा बंधन नसते. मीठ, रक्तदाब व साखर यांच्या नियंत्रणावर भर असतो.
* चौथी व पाचवी अवस्था: नियमित रक्त तपासणीनुसार प्रमाण ठरते. पातळी वाढलेली असल्यास दुहेरी उकळी, लहान वाटा आणि एका जेवणात एकच कंद, असा क्रम ठेवता येतो.
* हीमोडायलिसिस: दोन डायलिसिसच्या मधल्या काळात पोटॅशियम साचते. आठवड्यातील सर्वांत लांब अंतराच्या दिवसांत विशेष दक्षता घ्यावी लागते.
* उदरपोकळीतील डायलिसिस: ही प्रक्रिया रोज चालत असल्याने काही रुग्णांत पोटॅशियम उलट कमी होते, अशा वेळी कंद पाणी टाकून शिजविण्याची गरज नसते.
* प्रत्यारोपण: टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन या औषधांनी पोटॅशियम वाढू शकते. प्रतिकारशक्ती कमी झालेली असल्याने मातीतून आलेले कंद काटेकोरपणे धुऊन व शिजवून खावेत.
* मधुमेह असल्यास: बटाटा, रताळे, कोनफळ हे पिष्टमय असल्याने ते भाजी म्हणून वाढून भात-पोळी तेवढीच ठेवू नये, त्यांची गणना धान्यात करावी.

## मार्गदर्शक तत्त्वे व संशोधन

पूर्वी सर्व रुग्णांना पोटॅशियमयुक्त पदार्थांची एकच निषिद्ध यादी देण्याची प्रथा होती. अमेरिकेतील नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२० च्या पोषणविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी सर्वांसाठी एक आकडा न ठरविता, रक्तातील पातळी सामान्य राहील अशा रीतीने आहारातील पोटॅशियम जुळवून घेण्याची शिफारस केली. केडीगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या तत्त्वांतही व्यक्तिनिष्ठ आहाराला आणि प्रक्रिया केलेल्या अन्नातील सहज शोषल्या जाणाऱ्या पोटॅशियमबाबतच्या दक्षतेला महत्त्व दिले आहे.

चौथ्या अवस्थेतील निवडक रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वर्षभराच्या अभ्यासात फळे व भाज्या दिल्याने रक्तातील आम्लता सुधारली आणि पोटॅशियम धोकादायक पातळीवर गेले नाही. त्या अभ्यासात मुळात पोटॅशियम कमी असलेलेच रुग्ण घेतले होते. त्यामुळे तो निष्कर्ष सर्वांना लागू करता येत नाही. कोणता कंद किती खावा, याचा निर्णय अलीकडील रक्त तपासणीचा अहवाल पाहून मूत्रपिंडविकारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच घेणे इष्ट असते.

## हे सुद्धा पहा

* मूत्रपिंड
* डायलिसिस
* पोटॅशियम
* सुरण
* वसई